कर्मवीर अण्णा आणि शाळेचा खर्च



स्मरणिकेसाठी शाळेची एखादी आठवण लिहून पाठव, असा समितीचा निरोप होता. आठवणी पुष्कळ आहेत, पण मी लिहिते आहे कर्मवीर भाऊराव पाटलांवर. त्याला कारण आठवीतली वक्तृत्व स्पर्धा. काहींना आठवत असेल, दोन वेण्या आणि लाल रिबिनी अशा अवतारात मी अण्णांवरचं भाषण घडाघडा म्हणून दाखवलं होतं. लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकून बोर्डिंगमधल्या मुलांना जेवू घातलं, या वाक्याला माझा आवाज भरून आला. (तो कुठे भरून आणायचा हेही पाठ केलेलं होतं.) टाळ्या पडल्या, दुसरा नंबर आला. बक्षीस घेऊन खाली उतरल्यावर मराठीच्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, की एका मंगळसूत्रावर इतकी मुलं किती दिवस जेवली असतील, आणि ते पैसे संपल्यावर बोर्डिंग कशावर चाललं? मला उत्तर देता आलं नाही. भाषणात ते नव्हतंच.

हाच प्रश्न इतक्या वर्षांनी आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा आला. मेळाव्यासाठी जमलेल्या पैशातून जो निधी उरणार आहे, त्याचं काय करायचं? निम्म्यांचं म्हणणं, शाळेला द्या. छप्पर, संगणक, जादा तासाच्या शिक्षकाचं मानधन, काय लागेल ते त्यांना करू द्या. बाकीच्यांचं म्हणणं, शाळेला देऊन तो कुठे जिरतो कळत नाही, त्यापेक्षा पाच-सहा हुशार, गरजू मुलं निवडा आणि इंदापूर-बारामतीच्या चांगल्या इंग्रजी शाळेत त्यांची फी भरा. मी दुसऱ्या बाजूला होते. एक्सेलमध्ये तक्ताही करून टाकला होता. पैसे थेट मुलाच्या नावावर, मध्ये कोणी नाही, हिशेब स्वच्छ. पंचवीस वर्षं संगणकापुढे बसलेल्या बाईला हे पटणारच. मग बाईंचा प्रश्न आठवला, आणि गेले दोन महिने मिळेल तसं अण्णांचं चरित्र वाचत गेले, या वेळी फक्त पैशाचा माग काढत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. घराणं जैन शेतकऱ्याचं, मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा महसूल खात्यात कारकून, त्यामुळे बदलीच्या गावांची सवय लहानपणापासून. ते जन्मले त्याच्या पाच वर्षं आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं होतं. त्यातला मुद्दा सरळ होता. सरकारचा महसूल येतो तो बहुतेक शेतकऱ्याच्या घामातून, वर त्याच्याकडून लोकल फंडही घेतला जातो, आणि शिक्षणावरचा खर्च होतो तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. म्हणून आधी प्राथमिक शाळा, त्या खेड्यात, आणि सरकारच्या पैशाने. भाऊराव पुढे सत्यशोधक चळवळीत आले तेव्हा हा हिशेब त्यांना वारशातच मिळाला.

शिक्षणात स्वतः भाऊराव काही चमकले नाहीत. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये होते, राहायला जैन बोर्डिंगमध्ये. मॅट्रिकपर्यंत पोचलेच नाहीत. पण कोल्हापूर त्या वेळी शाहू महाराजांचं होतं. गावात जातीजातींची वसतिगृहं निघत होती, महाराज जागा आणि पैसा देत होते. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. त्याच्या समारंभाला जाऊन आल्याबद्दल आंघोळ करायला भाऊरावांनी नकार दिला आणि बोर्डिंगमधून त्यांना बाहेर पडावं लागलं. इस्लामपूरकडचा ज्ञानदेव घोलप हा अस्पृश्य मुलगा त्यांनी कोल्हापूरला आणून या वसतिगृहात घातला. हा मुलगा पुढे मुंबईच्या कायदेमंडळात सभासद झाला. एका मुलाचा हात धरून त्याला चांगल्या ठिकाणी पोचवणं म्हणजे काय, हे अण्णांना विशीतच माहीत होतं. माझा एक्सेलचा तक्ता तेवढंच सांगत होता. अण्णा तिथे थांबले नाहीत.

मधली काही वर्षं पोटापाण्याची. साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. ओगल्यांच्या काचेच्या मालाची आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांची विक्री केली. साताऱ्याच्या कूपर कारखान्याच्या उभारणीतही ते होते. चरित्रकार हा भाग भराभर उरकतात, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. नांगर विकणारा माणूस गावोगाव हिंडतो, बांधावर बसून शेतकऱ्याशी पैशाच्या गोष्टी करतो. कोणाकडे काय आहे, सुगीत काय देता येतं, कर्ज कुठे आहे, हे त्याला कळतं. पुढे शाळेसाठी गावाकडे काय मागायचं आणि किती मागायचं, हे अण्णा या फिरस्तीतच शिकले असावेत.

१९१९च्या दसऱ्याला, ४ ऑक्टोबरला, कराडजवळच्या काले गावी सत्यशोधक परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली आणि तिथे सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू झालं. एका चुलीवरचा स्वयंपाक, एका पंगतीत जेवण. १९२७ मध्ये महात्मा गांधी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. कौतुक सगळीकडे होत होतं, पण कौतुकावर भाकरी भाजत नाही. मुलं वाढत होती, गरीब घरातून येत होती, फी कोणाकडून घ्यायची?

इथे येतात लक्ष्मीबाई. श्रीमंत माहेरच्या, दागिन्यांनी मढून आलेल्या. बोर्डिंगमधली मुलं त्यांनी आपली मानली. धान्य संपलं की एक-एक दागिना गेला. शेवटी मंगळसूत्र. १९३० मध्ये त्या वारल्या, संस्थेचे बरे दिवस त्यांनी पाहिलेच नाहीत. आठवीत मी या प्रसंगावर गहिवरले होते. आता वाचताना रागही आला. एका बाईच्या अंगावरचं सोनं हा शाळेचा अर्थसंकल्प होऊ शकत नाही, आणि तशी वेळ आली यात भूषण कोणाला वाटायचं? अण्णांनाही ते कळलं असणार, कारण पुढची सारी वर्षं त्यांनी बोर्डिंग एकाच पैशावर उभं राहू नये याची तजवीज केली.

ती तजवीज अशी. पहिला आधार मुलांचे स्वतःचे हात. सकाळ-संध्याकाळ शेतात, बागेत, बांधकामावर काम करायचं आणि त्यावर शिकायचं. कमवा आणि शिका हे नाव आज सरकारी योजनांच्या कागदावरही दिसतं, पण तिथे तो जगण्याचाच भाग होता. दुसरा आधार गावांचा. घराघरातून मूठ-मूठ धान्य, सुगीला पायली, ज्याच्याकडे जमीन त्याने तुकडा. याला मुष्टिफंड म्हणत. तिसरा आधार देणगीदार, त्यात संस्थानिकही आले. आणि चौथा सरकार. अण्णांना सरकारच्या पैशाचा विटाळ नव्हता. तो रयतेचाच पैसा, रयतेच्या पोरांसाठी परत मागायचा, यात लाज कसली? पण चारही खांब लागतात, एकावर छप्पर टाकायचं नाही. आमच्या धंद्यातही सगळा भार एका सर्व्हरवर टाकत नाहीत.

१९३५ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. त्याच वर्षी साताऱ्यात शिक्षक तयार करणारं कॉलेज निघालं, सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज. आता ते महात्मा फुल्यांच्या नावाने आहे. शाळांच्या आधी मास्तर तयार करायचे, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. ज्या गावात शाळा नाही तिथे खाजगी संस्थेने शाळा काढली तर सरकार अनुदान देईल, असं धोरण ठरलं. या संधीसाठी अण्णा तयारच होते. १९३८ मध्ये साताऱ्याजवळ यवतेश्वरला पहिली व्हॉलंटरी शाळा सुरू झाली.

या शाळा कशा चालत? इमारत बहुधा नाहीच. देऊळ, चावडी, कोणाची तरी पडवी. मास्तर एकच, आणि तोही बोर्डिंगमधून शिकून गेलेला, अशाच एखाद्या वाडीतून आलेला. अनुदान तुटपुंजं. उरलेलं गाव बघे. जागा, राहणं, धान्य, भाजी. ज्या डोंगरावर डाकवाला कंटाळत जाई तिथे अशा शाळा निघाल्या. अण्णांच्या हयातीत त्यांची संख्या ५७८ झाली. आपल्यातले जे जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळेतून पाचवीला या शाळेत आले, त्यांनी हा आकडा जरा थांबून वाचावा. त्यातल्या बहुतेक गावांत दुसरी शाळाच नव्हती. तिथल्या एखाद्या बापाच्या हातात सरकारने मुलाच्या नावाची चिठ्ठी दिली असती, की घे हे पैसे आणि तुला आवडेल त्या शाळेत घाल, तर ती त्याने कुठे दाखवली असती?

पुढे १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाने मोफत निवासी हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. व्यक्तिशः मुलांना पुढे काढणंही चालूच होतं. बोर्डिंगमधले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले. परत येऊन ते रयतमध्येच शिकवू लागले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. म्हणजे अण्णा एकेका मुलावर खर्च करत नव्हते असं नाही. पण ज्याच्यावर खर्च केला तो माणूस संस्थेकडे परत येई.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुलं काढण्याचा संकल्प अण्णांनी सोडला. आणि त्याच वर्षी स्वतंत्र भारतातल्या मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचं अनुदान बंद केलं. मुख्यमंत्री तेच, बाळासाहेब खेर, ज्यांच्या धोरणावर व्हॉलंटरी शाळा उभ्या राहिल्या होत्या. अण्णा फटकळ होते, सत्तेवरच्या मंडळींवर जाहीर टीका करत, ती खुपली. इंग्रजांच्या काळात मिळत असलेलं अनुदान आपल्याच सरकारने थांबवावं, याचा त्यांना काय घाव बसला असेल! शेकडो शाळा, त्यांतले शिक्षक, वसतिगृहातली मुलं. एका सहीने सगळ्यांच्या ताटाखाली हात घातला गेला.

संस्था मात्र बुडाली नाही. गावांनी धान्य वाढवलं, लोकांनी वर्गणी दिली, शिक्षक थांबले. गाडगे महाराज स्वतः खेरांकडे गेले आणि अनुदान सुरू करा म्हणून त्यांनी गळ घातली. पुढे ते सुरूही झालं. हे वाचून मला आधी वाटलं, सरकारच्या पैशावर विसंबू नये हाच यातला धडा. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा उलट बाजूही दिसली. अण्णांनी अनुदानाचा हक्क सोडला नाही. लोकवर्गणीवर निभतंय तर निभू दे, असं म्हणून ते गप्प बसले नाहीत. संस्था तगली ती मुष्टिफंडामुळे, पण वाढणार होती ती सार्वजनिक पैशानेच. सरकारने पैसा द्यायचाच, मात्र गळा धरायचा नाही, अशी ती भांडणं होती. स्वातंत्र्यानंतर व्हॉलंटरी शाळा जिल्हा शाळा मंडळांकडे गेल्या. रक्त आटवून काढलेल्या शाळा सार्वजनिक व्यवस्थेत मिसळल्या, आणि अण्णा हायस्कुलं आणि कॉलेजांच्या मागे लागले. १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघालं. गाडगेबाबांचं नाव तिथे का, हे आता वेगळं सांगायला नको.

१९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात ते गेले. मागे राहिलं ते असं: ३८ वसतिगृहं, १०८ हायस्कुलं, ६ ट्रेनिंग कॉलेजं, ३ कॉलेजं, आणि त्या ५७८ शाळांतून शिकून गेलेली गावं.

त्यांच्या मृत्यूच्या चारच वर्षं आधी, १९५५ मध्ये, मिल्टन फ्रीडमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने व्हाउचरची कल्पना मांडली होती. सरकारने शाळा चालवू नयेत, पालकाला ठरावीक रकमेची चिठ्ठी द्यावी, शाळा त्याने निवडावी, शाळांत चढाओढ लागेल आणि दर्जा सुधारेल. चिलीने १९८१ मध्ये आणि स्वीडनने १९९२ मध्ये ती आपापल्या परीने राबवली. आपल्याकडे त्या नावाने नाही, पण शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागा काहीशा त्याच जातीच्या. मूल खाजगी शाळेत जातं, फी सरकार शाळेला परत करतं. महाराष्ट्रात ही रक्कम वर्षाला १७,६७० रुपये ठरली होती, आणि थकबाकीसाठी शाळा ओरडत असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागा द्याव्या लागणार नाहीत. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. मला तो रद्द झाला ते बरंच वाटलं. शहरातल्या घरकामवाल्या मावशीची मुलगी त्या जागेवर शिकते, तिचं दार का बंद करायचं?

पण पुण्यातल्या एका किलोमीटरमध्ये चार शाळा असतात. आपल्या वाड्यावस्त्यांवर, ऊसतोडीच्या कोप्यांवर, त्या अंतरात एक असली तरी नशीब. आपल्या बॅचमधल्या पाच हुशार मुलांची फी त्या वेळी कोणी भरून त्यांना बारामतीला नेलं असतं, तर उरलेल्या आम्हा तीस-पस्तीस जणांच्या वर्गात काय राहिलं असतं? गणिताचं उत्तर फळ्यावर आधी कोण सोडवणार होतं? मी त्या पाचांत नव्हते. दहावीला आले तेव्हा आले. शेजारच्या बाकावरच्या मुलीची वही बघून मी बीजगणित शिकले, आणि ती वही आमच्याच वर्गात होती म्हणून. हे लिहिताना दुसरं एक खटकतं. माझं इंजिनिअरिंग विनाअनुदानित कॉलेजातलं, वसंतदादांनी १९८३ मध्ये दार उघडलं त्यातलं. वडिलांची दोन वर्षांची ऊसबिलं फीमध्ये गेली. पैसा मुलामागे जातो म्हणतात, तेव्हा माझ्यामागे तो घरातूनच आला, आणि ज्यांच्या घरी ऊस नव्हता त्यांचे गुण माझ्याहून जास्त असूनही ते आले नाहीत. तेव्हा मी अगदी स्वच्छ हातांनी हे बोलते आहे असं नाही.

तर मी तक्ता बदलला आहे. मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या बैठकीत मांडीन. पटलं नाही तर भांडा. निधीचा मोठा भाग शाळेला, पण एकदम नाही, दरवर्षी ठरावीक, आणि तो शाळा आणि आपल्यातले दोघे मिळून खर्च करतील. सध्या पट घसरतो आहे तो पाचवी-सहावीला, म्हणून पहिला खर्च वस्त्यांवरून येणाऱ्या मुलांच्या सायकली आणि गणिताच्या जादा तासांवर. थोडा भाग दहावीनंतर बाहेर शिकायला जाणाऱ्या एक-दोन मुलांसाठी, त्यांनी सुट्टीत येऊन खालच्या वर्गांना शिकवायच्या बोलीवर. आणि दरवर्षी प्रत्येकाने ठरवून थोडं, म्हणजे आपला मुष्टिफंड. पाच हजार एकदा देण्यापेक्षा पाचशे दरवर्षी. हे जमवायला लागणारं छोटं ॲप मी करून देते, ते माझ्याकडे लागलं.

एक राहिलंच. मराठीच्या बाई मेळाव्याला येणार आहेत असं कळलं आहे. आठवीतल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला उशीर झाला, तरी त्यांना आठवत असेल तर पहिल्या रांगेत बसवून सांगणार आहे.